शॉकअपच्या खुंट्या

जुन्या गाडीला शॉकअप मिळतो. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या गाडीलासुद्धा मिळतो. दुकानात जाऊन पूर्ण दबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी आणि डोळ्याचं माप सांगायचं, की दुकानदार फळीवरून दोन-तीन नळकांडी काढून पुढ्यात ठेवतो. मिळत नाही ती शॉकअप अडकवायची खुंटी. गॅरेजात तिला कुणी ब्रॅकेट म्हणतं, कुणी पिन, कुणी नुसतंच "शॉकअपचा कान". मी आपलं खुंटी म्हणतो, कारण काम तेच आहे. एक खुंटी वर चासीला, एक खाली पाट्यांच्या बाजूला, आणि दोघींच्या मध्ये शॉकअप टांगलेला. चार चाकांच्या मिळून आठ. आमच्या पिकअपला वरच्या चारही नव्हत्या.

पिकअप म्हणजे आजोबांची. घरच्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो: महिंद्रची एफसी-१५०, आरसी पुस्तकात साल १९६९. हिला बोनेट नाही. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसतो आणि इंजिन त्याच्या मांडीशेजारी असतं. आम्ही पोरं तिला "चपटी" म्हणायचो. आजोबांनी ती घरच्या शेतमालासाठी म्हणून खासगीच नोंदवली होती. सिन्नरहून मोहदरी घाटातून नाशिकच्या बाजाराला भाजी आणि कांदे, येताना खत, बियाणं, आणि कुणाचं काय असेल ते. सिन्नर विड्यांचं गाव, त्यामुळे कधी कुणाच्या ओळखीखातर तेंदूपानांची पोतीसुद्धा. मला आठवते तेव्हापासून ती खड्ड्यातून गेली की तीन-चार वेळा डुलायची आणि मग शांत व्हायची. मला वाटायचं सगळ्याच पिकअप अशा डुलतात.

गाडी डुलते ती पाट्यांमुळे. पाटा दबतो, मग उसळतो, उसळला की पुन्हा दबतो. त्याला थांबवणारं कुणी हवं. बैलगाडीला हा प्रश्नच नव्हता, कारण बैलगाडीला पाटेच नसतात. जो काही दणका बसायचा तो थेट बसणाऱ्याच्या कण्याला. टांग्याला पाटे आले, पण टांग्याचा वेग किती? शिवाय पाट्यावर पाटा घासतो, त्या घर्षणातच बरीचशी उसळी जिरते. (म्हणूनच पाट्यांना भरपूर ऑइल पाजणाऱ्या मालकाची गाडी जास्त नाचते. हे ज्ञान मला फार उशिरा मिळालं.) मोटार आली, वेग वाढला, आणि घोडागाडीचे पाटे अपुरे पडायला लागले.

मग लोकांनी काय काय केलं ते वाचण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या माणसानं एकमेकींवर घासणाऱ्या चकत्यांचं एक यंत्र केलं. कात्रीसारखे दोन दांडे, एक चासीला आणि एक आसाला, आणि सांध्यात दाबून बसवलेल्या चकत्या. अमेरिकेत एडवर्ड हार्टफर्डनं ते विकायला घेतलं. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरची युक्ती तर अगदी देशी वाटावी अशी होती: चासीवर स्प्रिंगचं एक डबडं, त्यात गुंडाळलेला पट्टा, आणि पट्ट्याचं टोक आसाला बांधलेलं. चाक वर आलं की पट्टा गुंडाळला जायचा, खाली जायला लागलं की आवळून धरायचा. या फॉस्टरनं त्याआधी धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर वाजणारा भोंगा काढला होता आणि त्याला तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं, गॅब्रिएलचं नाव दिलं होतं. तेच नाव पुढे शॉकअपला चिकटलं. दुसरा फ्रेंच माणूस मॉरिस हुदाय. त्यानं घर्षणाऐवजी तेल वापरलं. बंद पेटीत तेल, त्यात फिरणारं पातं, तेलाला जायला बारीक वाट. दणक्याची ताकद तेल गरम करण्यात खर्ची पडते. फोर्डच्या मॉडेल टी-ला शॉकअप नव्हतेच. त्यानंतरच्या मॉडेल ए-ला, म्हणजे १९२७ च्या शेवटाला, हे हुदाय पद्धतीचे शॉकअप कारखान्यातूनच लागून यायला लागले.

आता खुंटीच्या बाजूनं हाच इतिहास पाहा. चकत्यांच्या किंवा पेटीच्या शॉकअपमध्ये जड भाग चासीलाच बोल्टनं घट्ट आवळलेला असायचा. बसवण्याची जागा म्हणजे चासीवरची चांगली रुंद बैठक. पुढे नळीत नळी सरकणारा, आज आपण ओळखतो तो शॉकअप आला. हलका, स्वस्त, खराब झाला की फेकून नवा घालायचा. त्याला बैठक नको, दोन टोकांना दोन खुंट्या आणि रबराचे बुश पुरे. दुसऱ्या महायुद्धातली १९४१ ची विलीज जीप याच चार नळ्यांवर चालली. खाली यू-बोल्टच्या पट्टीतूनच निघालेली पिन, वर चासीला रिबिटांनी ठोकलेलं छोटं ब्रॅकेट. शॉकअप स्वस्त होत गेला तसं त्याला धरणारं लोखंडही हातात मावेल एवढंच उरलं.

जीप आपल्याकडे आली ती लष्कराबरोबर, आणि राहिली ती महिंद्रमुळे. २ ऑक्टोबर १९४५ ला महिंद्र अँड मोहंमद नावाची कंपनी निघाली. मोहंमद म्हणजे मलिक गुलाम मोहंमद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४७ मध्ये विलीजच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या, मग जोडणी, मग हळूहळू इथेच बनवणं. सरकारचाही तोच आग्रह होता. १९५३ च्या सुमारास टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसत्या जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही. त्यावर फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोघांनीही १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स गेली आणि देशभरातल्या शेवरले ट्रकचे मालक रातोरात पोरके झाले. माझ्या मते आपल्याकडचा टर्नर, तो "नमुना आणा, बनवून देतो" म्हणणारा माणूस, खरा इथे घडला. गाडी आहे, कंपनी नाही, आणि उद्या बाजार गाठायचा आहे.

चपटीचा जन्म अमेरिकेतला. ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझाइनरनं तिला आकार दिला आणि १९५६ च्या शेवटी विलीजनं ती बाजारात आणली. चासी जीपच्या सीजे-५ ची, आसांमधलं अंतर तेच ८१ इंच, फक्त केबिन पुढे सरकवून मागे हौदाला जागा केलेली. तिकडे १९६५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि त्याच सुमारास इकडे महिंद्रनं सुरू केलं. आपल्याकडे ती दहा वर्षं तशीच बनत राहिली. शॉकअपही देशात बनायला लागले होते. १९६१ मध्ये मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू झाली होती. क्लीव्हलंडच्या भोंग्याचं नाव असं मुंबईमार्गे आमच्या गल्लीत आलं.

मग खुंट्या गेल्या कुठे? हा प्रश्न मी सिन्नर-नाशिकच्या चार जुन्या मिस्त्रींना विचारला आणि चौघांनी साधारण एकच उत्तर दिलं: जादा पाटा. गाडी कंपनीनं ठरवलेल्या वजनाची. मालक त्याच्या दुप्पट भरतो. पाटे बसतात. मग पाटेवाल्याकडे जाऊन दोन पाटे वाढवून घ्यायचे. गाडी उभी राहते, भरली तरी तोल सांभाळते, मालक खूश. पण रिकामी असताना ती आता मूळच्यापेक्षा दोन-तीन इंच वर असते आणि शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला. खड्डा आला, चाक खाली लोंबलं, की शॉकअपची लांबी संपते. त्या क्षणी तो शॉकअप राहत नाही, दोर होतो. आस आणि पाटे यांचं सगळं ओझं एका बोटाएवढ्या पिनवर येतं. असे हजार खड्डे खाल्ले की पिन वाकते किंवा ब्रॅकेटच्या कोपऱ्यात चीर पडते. मग तो शॉकअप लोंबकळत खडखडतो, ड्रायव्हर वैतागतो, आणि मिस्त्री गॅस कटर घेऊन ब्रॅकेटच उडवून टाकतो. गाडी तर चालतेच आहे! शॉकअपवाचून कुठलीही गाडी बंद पडत नाही, हीच त्याची अडचण. ब्रेक गेला तर गाडी थांबवावी लागते. शॉकअप गेला तर फक्त घाटातल्या वळणावर चाक क्षणभर रस्ता सोडतं, टायर चट्ट्याचट्ट्यांनी झिजतात आणि संध्याकाळी ड्रायव्हरची कंबर दुखते. हे सगळं कुठल्याच बिलात येत नाही.

आणि कापलेलं ब्रॅकेट कुणी साठवत नाही. शॉकअप झिजणारी वस्तू, म्हणून त्याचा धंदा आहे. खालची पिन यू-बोल्टच्या पट्टीबरोबर येते, यू-बोल्ट तुटतात, म्हणून तीही दुकानात मिळते. आम्हाला चारही नाशिकला पहिल्याच दुपारी मिळाल्या. वरचं ब्रॅकेट मात्र चासीचा भाग. ते कुणी बदलेल अशी कल्पनाच कुणी केली नव्हती. आमच्या चासीवर डावीकडे रिबिटांची भोकं तशीच होती आणि उजवीकडे वेल्डिंगनं बुजवलेली. कुणी, केव्हा, ठाऊक असणारे आजोबा आता नाहीत.

घरातल्या वादाचं मूळ इथे आहे. दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं त्याचे नियम आणले: पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली खासगी गाडी. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात "व्हीए" ही अक्षरं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नानांचं (दादाचे वडील, माझे काका) म्हणणं साधं होतं: आताच्या एखाद्या पिकअपचे ब्रॅकेट आणा, वेल्डिंग मारा, दोन तासांचं काम.

"नाना, चासीवर वेल्डिंग मारलं की मूळ स्वरूप राहील का?" दादा.

"अरे, ज्या गाडीत गोणी टाकायची नाही तिचं मूळ स्वरूप काय चाटायचंय?" नाना.

दोघांचंही मला पटायचं, त्यामुळे मी गप्प. नानांनी या गाडीवर अकरा वर्षं भाजी वाहिली आहे. शॉकअप नसलेल्या गाडीनं बिघडवलेली कंबर त्यांचीच आहे, आणि शॉकअपशिवाय काही अडत नाही असं म्हणणारेही तेच!

शोध सुरू झाला. पूर्वी असा शोध नाशिकच्या अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात संपायचा. तो बाजार महापालिकेनं जानेवारी २०१७ मध्ये उठवला, व्यापारी पांगले, आणि त्यांच्याबरोबर कुठला माल कुठे पडला आहे हे डोक्यात ठेवणारी माणसंही पांगली. कुणीतरी सांगितलं मालेगावला जा. (आमच्या सिन्नरचं माळेगाव एमआयडीसीचं, ते मालेगाव वेगळं. फोनवर या एका अक्षरापायी दादाचा अर्धा दिवस गेला.) तिथे जीपचे आस होते, गिअरबॉक्स होते, चासी नव्हती. चासी तोडून वजनावर जाते.

शेवटी ती सापडली तालुक्यातच, वावीच्या पुढे एका वस्तीवर. सिन्नरचा पूर्व भाग दुष्काळी. तिकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघणं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. या शेतकऱ्यानं केव्हातरी भंगारातली जीपची चासी घेऊन, इंजिन-केबिन काढून, वर पाण्याची टाकी बसवून ट्रॅक्टरमागे ओढायचा गाडा केला होता. टाकी आता प्लॅस्टिकची, गाडा बाभळीखाली. आणि गाड्याला शॉकअप लावायचा प्रश्नच नसल्यामुळे वरच्या ब्रॅकेटना कुणी हातच लावला नव्हता! चारपैकी तीन शाबूत. चौथं कुजलेलं, कारण त्या कोपऱ्यावर वर्षानुवर्षं टाकीचं पाणी ठिबकत होतं. मालकानं पैसे घेतले नाहीत. म्हणाले, रिबिटं कापल्यावर भोकं उघडी राहतील तेवढी रंग मारून द्या. दिली.

आणलेली ब्रॅकेट लावून बघितली तर डावीकडची दोन भोकाला भोक जुळली. उजवीकडचं वेल्डिंग घासून काढल्यावर मूळ भोकं सापडली आणि तिसरंही जुळलं. चौथं करून घ्यावं लागलं. जाड पुठ्ठ्यावर दुसऱ्या ब्रॅकेटचा नमुना काढला, त्यावरून पत्रा कापून वाकवला, पिन मुसळगावच्या वसाहतीतल्या एका लेथवर टर्न करून घेतली. तिथल्या टर्नरनं दोन गोष्टी आपणहून सांगितल्या: साध्या एमएसच्या सळईऐवजी ईएन-८ घ्या, आणि पिन जिथे जाड होते तो कोपरा काटकोनी ठेवू नका, गोल ठेवा, चीर नेहमी कोपऱ्यातून सुरू होते. मापं सगळी सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देश १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक झाला तरी जीपचे आटे इंचातच राहिले आणि मिस्त्रीच्या तोंडीही अजून "तीन सूत"च आहे.

बसवायचं कसं, यावर तिसरा वाद. वेल्डिंग दादाला नको. चांगल्या ताकदीचे बोल्ट, भोकं रीमरनं नेमकी करून, हा मध्यम मार्ग होता आणि खरं तर तो पुरेसा आहे. पण रिबिट ठोकून देणारा माणूस गावातच निघाला. सत्तरीचे गृहस्थ, पूर्वी बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. लोखंडी धाव तापवायची, ती फुलते, लाकडी चाकावर चढवायची आणि पाणी ओतायचं. आकसते आणि चाक आवळून धरते. गरम रिबिटाचं तत्त्व तेच आहे. लालबुंद रिबिट भोकात घालायचं, आतून एकानं लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, बाहेरून डोकं ठोकायचं. थंड होताना ते आखडतं आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर खेचतं. ठोकळा धरायला नाना बसले. बोलावलं कुणी नव्हतं.

त्याआधी एक गोष्ट मात्र करावी लागली होती. वाढवलेले पाटे काढल्याशिवाय खुंट्या बसवून उपयोग नव्हता. त्या पुन्हा तशाच तुटल्या असत्या. मागचे दोन-दोन जादा पाटे काढले, गाडी खाली बसली, मग जॅकवर चढवून चाक पूर्ण लोंबकळू दिलं आणि दोन खुंट्यांमधलं अंतर मोजलं. मग रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत दाबून पुन्हा मोजलं. शॉकअप असा निवडला की दोन्ही टोकांना साधारण इंचभर शिल्लक राहील. बुशना ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. साबणाच्या पाण्यानं सरकवायचे. नट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे, नाहीतर बुश कायमचा पीळ खाऊन बसतो.

पाटे काढताना नाना काही बोलले नाहीत. जादा पाटे निघाले म्हणजे गोण्या बंद, हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळलं होतं. चारही पाटे त्यांनी ऑइलच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. दादानं विचारलं कशाला, तर म्हणाले, "असू दे."

मोहदरी घाटातून आम्ही ती दोनदा चालवून आणली. आता खड्ड्यातून गेली की एकदाच डुलते. व्हिंटेजचा अर्ज अजून भरलेला नाही, कारण चौथी खुंटी नवी आहे आणि दादाला ते खुपतं. तेव्हा मंडळी, कुणाच्या गोठ्यामागे, विहिरीजवळ, बाभळीखाली जुन्या जीपची किंवा चपटीची चासी पडलेली असेल, तर पुढच्या उजव्या चाकाच्या वर, आतल्या अंगाला जरा हात घालून बघा. तीन सुती रिबिटं असतील. कापू नका, फक्त कळवा. आम्ही येऊन काढून नेऊ आणि भोकांना रंग मारून देऊ :-)